रातव्याची ओळख

उन्हाळ्यांत खारघरच्या डोंगरावर संधिप्रकाश मावळला, म्हणजे झुडपांतून 'चक्‌-चक्‌-चक्‌' असा एकसारखा आवाज येऊं लागतो. कोणास तो किड्याचा वाटतो, कोणास घुबडाचा. वस्तुतः तो रातवा नांवाच्या पक्ष्याचा होय. १९७० नंतर नवी मुंबई वसूं लागली आणि शहर डोंगराच्या पायथ्याशीं येऊन ठेपलें. परंतु हा जुना रहिवासी बहुतेकांस अपरिचितच राहिला.

याचें कारण त्याच्या पिसांत आहे. करड्या, तपकिरी व काळ्या रंगांची त्यांवरील नक्षी पाचोळ्याशीं इतकी जुळते, कीं दोन पावलांवर बसलेला रातवाही दिसत नाहीं. दिवसा तो डोळे जवळजवळ मिटून जमिनीस चिकटून राहतो. घरटें बांधण्याची यातायात नाहीं. बहुधा दोनच अंडीं, तींही उघड्या भुईवर.

घुबडाशीं त्याची गल्लत होऊं नये. घुबडाची चोंच आंकडीदार, नखें बळकट. रातव्याचे पाय दुबळे, चोंच इवलीशी, पण जबडा उघडला कीं बेडकासारखा रुंद. उडतां उडतां पतंग-भुंगे टिपण्यास तो योग्यच. हा पक्षी रात्रीं शेळ्यांचें दूध पितो, असा युरोपांत प्राचीन काळीं समज होता, आणि त्याच्या लॅटिन नांवाचा अर्थही तोच आहे. बिचाऱ्यास दुधाचा थेंबही ठाऊक नसेल!

रातव्याच्या जाती मात्र अनेक, व तेथें जाणत्यांचीही परीक्षा होते. रंगावरून निवाडा करणें धोक्याचें. कानावर भिस्त ठेवावी. रानरातवा झाडीच्या उतारावर एकाच लयींत 'चक्‌-चक्‌' करीत राहतो. साध्या रातव्याचा आवाज फरशीवर टाकलेल्या चेंडूसारखा: आरंभीं सावकाश, मग उड्या जलद होत होत विरून जाणारा. माळावरचा रातवा उडतांना आंखूड, तीक्ष्ण साद घालतो.

रात्रीं हे पक्षी रस्त्यावर येऊन बसतात. पनवेलजवळचें कर्नाळा १९६८ सालीं पक्षी-अभयारण्य झालें. मुंबई-गोवा महामार्ग त्यांतूनच जातो. मोटारीच्या उजेडांत रातव्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, तरी तो शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाहीं. दिवसा जें निश्चलपण त्याचा जीव राखतें, तेंच येथें जिवावर बेततें. आंतल्या निर्जन वाटेवर असे डोळे दिसले, तर गाडी थांबवून दिवे मंद करावे. पक्षी आपण होऊन उठतो. त्या क्षणीं शेपटीकडे पाहावें. बाहेरचीं पिसें जवळजवळ संपूर्ण पांढरीं असलीं, तर तो माळरातव्याचा नर. टोंकाजवळ केवळ पांढरे ठिपके असले, तर माळरातवा नव्हे.