तणनाशके आणि आपली भातशेती
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून दरसाल शिक्षण, विवाह व संघटना ह्या विषयांवर विचार मांडले जातात. आज आम्ही गवतावर बोलणार आहोत, हे ऐकून काहींना हसू येईल. परंतु मालवणकडील आपल्या कुणग्यांवर ज्यांचे अद्याप प्रेम आहे, त्यांनी हा विषय क्षुल्लक मानू नये, अशी विनंती आहे.

पूर्वी लावणी आटोपली की घरच्या सासवा-सुना चिखलात वाकून भाताची बेणणी करीत. आज घरातील कर्ती माणसे मुंबईस आहेत. गावी वृद्ध उरले आहेत आणि मजूर वेळेवर मिळत नाही. अशा वेळी पाठीवर पंप घेऊन तणनाशक फवारणारा माणूस देवासारखा धावून आल्याचे वाटते. आम्हीही त्याला बोलावतो. सबब उपदेशकाचा आव आणण्याचा आम्हांस अधिकार नाही. प्रश्न एवढाच की, हे औषध किती वर्षे लागू पडेल?

त्याचे उत्तर हरयाणातील गव्हाच्या शेतांनी देऊन ठेवले आहे. तेथे गव्हासारखेच दिसणारे ‘गुल्लीदंडा’ नावाचे तण माजते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यावर आयसोप्रोट्युरॉन हे औषध आले आणि शेतकरी निश्चिंत झाले. दर हिवाळ्यास तेच पीक, तेच तण व तेच औषध असा क्रम चालला. १९९० च्या दशकाच्या आरंभी औषध फवारूनही तण हिरवेगार राहू लागले. काहींना उभा गहू कोवळाच कापून गुरांपुढे टाकावा लागला. हिस्सारच्या कृषि विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी तपास करून तण औषधाला दाद देत नसल्याचे सिद्ध केले. पुढे नवी औषधे आली. कालांतराने त्यांतील काहींनाही ते तण पुरून उरले.

हे घडते कसे? औषधामुळे एखादे रोप शहाणे होते, असे नव्हे. लक्षावधी रोपांत एखादे जन्मतःच निराळे असते. ते विष पचवून निकामी करते, किंवा विषाचा घाव जेथे बसावयाचा ते स्थानच त्याच्या ठिकाणी किंचित बदललेले असते. फवारणीने बाकीची मरतात, ते एकटे उरते आणि त्याचेच बी शेतात पडते. दरसाल हीच निवड झाली की काही वर्षांत सारे रान त्याच्या वंशजांचे होते. आपण बियाण्यासाठी उत्तम लोंब्या निवडतो, तद्वत् औषध आपल्या नकळत चिवट तण निवडीत असते.

ही निवड केवळ औषधच करते असेही नाही. छत्तीसगड-मध्यप्रदेशाकडे ‘करगा’ नावाचे रानटी भात शेतात शिरते. ते ओळखता यावे म्हणून शेतकऱ्यांनी जांभळ्या पानांचे भात लावले आणि हिरवी रोपे उपटली. भाताशी संकर होऊन काही वर्षांत करगाही जांभळा झाला! तात्पर्य, कोणताही एकच उपाय दरसाल केला, तर तण त्यातून वाट काढतेच.

हे संकट गव्हापुरते राहिलेले नाही. भातात सर्रास वापरल्या जाणाऱ्या बिसपायरिबॅक-सोडियम ह्या औषधास लव्हाळ्याच्या कुळातील एक तण दाद देत नसल्याची आपल्या देशातील पहिली नोंद २०२१ साली प्रसिद्ध झाली. म्हणून कोकणाने वेळीच सावध व्हावे.

औषध सोडा, असे आम्ही म्हणत नाही. ते सांगितलेल्या मात्रेत व योग्य वेळी द्यावे. दरसाल एकच औषध वापरू नये. बाटलीवरचे नाव निराळे असले तरी आतील द्रव्य त्याच कुळातील असू शकते, सबब जाणकार कृषि अधिकाऱ्यास विचारावे. बियाणे स्वच्छ असावे, चिखलणी नीट व्हावी, कुणग्यात पाणी बांधलेले राहावे. आणि फवारणीतून वाचलेले रोप बी धरण्यापूर्वी हाताने उपटावे. कारण तेच उद्याच्या अनर्थाचे मूळ होय.

गणेशचतुर्थीस आपण सारे गावी येतो. त्या सुमारास भाताबरोबर तणांचे तुरेही डोके वर काढतात. आरती-भजनाच्या त्या दिवसांत प्रत्येक कुटुंबाने एक सकाळ आपल्या मळ्यास द्यावी आणि मुलांना भात व तण ह्यांतील भेद दाखवावा. तो ओळखणारे डोळे एकदा नाहीसे झाले, तर ते कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाहीत.