दशावताराची रात्र

भातकापणी आटोपली की सिंधुदुर्गात आणि गोव्यात जत्रांचे दिवस येतात, आणि देवळापुढे मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार उभा राहतो. हा खेळ कोकणात आणला कुणी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही; कर्नाटकातल्या यक्षगानाशी त्याचं नातं मात्र अनेकजण सांगतात. दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आहे, म्हणजे 17व्या शतकात तो लोकांच्या ओळखीचा होता.

आधी आडदशावतार, म्हणजे खेळाचा पूर्वरंग. गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन जातात. मग काळ्या वेशातला संकासुर. हा वेद चोरणारा राक्षस, पण मालवणीत अशा फिरक्या घेतो की पोरंसोरं घाबरायचं विसरतात! त्यानंतर पौराणिक आख्यान. लिखित संहिता नाही. कथानक तेवढं ठरवायचं, संवाद उभ्या उभ्या रचायचे. माझ्या मते नटाची खरी कसोटी इथेच. मंचावर एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन आणि तोच रथ. साथीला पायपेटी, मृदंग, झांज. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात. पूर्वी सामानाचे पेटारे डोक्यावर घेऊन मंडळी गावोगाव चालत जात. आता कंपनीची गाडी असते. पहाटे दहीकाला होतो, आणि रात्री पुढच्या गावची जत्रा.