भाजीची टोपली आणि डायॉक्सिन
(वैशाली नगर, भिलाई येथील व्याख्यान)



पोलादनगरीत भाजीविषयी बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या मनात एक प्रश्न आधीच उभा असतो : धुराड्यांच्या सावलीत पिकलेला हा पालक आपण निर्धास्तपणे खावा काय? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर होय किंवा नाही अशा एका शब्दात देणारा मनुष्य, मग तो भय घालणारा असो वा धीर देणारा, आपली दिशाभूल करतो, असे माझे मत आहे.

प्रथम या विषांची ओळख करून घेऊ. पीसीबी हे माणसाने हेतुपुरस्सर बनविलेले तेलकट रसायन. ते सहजासहजी पेट घेत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मर व कपॅसिटर यांत ते वर्षानुवर्षे भरले गेले. डायॉक्सिन मात्र कोणी मुद्दाम बनवीत नाही. कार्बन व क्लोरीन असलेले पदार्थ नीट न जळता त्यांचा धूर निवू लागला की ते आपोआप तयार होते. प्लॅस्टिकसह पेटविलेला कचऱ्याचा ढीग हे त्याचे एक उगमस्थान. लोहखनिजाची भुकटी कोकसह भाजून तिचे डिखळे करणारी सिंटर भट्टी हे दुसरे. २००१ च्या स्टॉकहोम कराराने जी उगमस्थाने नावानिशी नोंदविली, त्यांत या भट्ट्या आहेत.

ही विषे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. चरबीत मात्र मुरतात. सर्वांत जहाल डायॉक्सिन माणसाच्या शरीरातून निम्मे होण्यास सात ते अकरा वर्षे लागतात. भाजीत चरबी नाममात्र असते. शिवाय बहुतेक झाडांची मुळे ही रसायने वर चढू देत नाहीत; पानांवर येते ती हवेतील धूळ, आणि कंदांना चिकटते ती माती. धुतल्याने धूळ जाते, परंतु पानाच्या मेणचट थरात मुरलेला अंश सगळा जात नाही. गाजराचा बहुतेक दोष सालीत असतो. भोपळ्याचे कूळ मात्र याला अपवाद आहे. जर्मनीत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की झुकिनी व तिच्या जातीचा भोपळा मातीतील डायॉक्सिन मुळांवाटे फळापर्यंत नेतात; त्याच कुळातील काकडी तसे करीत नाही. निसर्गाची ही लहर समजावयास कठीण, पण परसात वेल लावणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे.

माणसाच्या शरीरात जाणारे डायॉक्सिन नव्वद टक्क्यांहून अधिक अन्नातूनच जाते, आणि त्यात मोठा वाटा मांस, दूध व मासे यांचा असतो. तेव्हा ज्या माळावरच्या भाजीची आपण चिंता करतो, तेथेच चरणारी गाय आणि राख उकरणारी कोंबडी यांची चिंता अधिक करावयास हवी.

हे ध्यानात न घेतल्याने काय होते, ते जपानमध्ये दिसले. टोकियोजवळच्या तोकोरोझावा परिसरात कचरा जाळणाऱ्या भट्ट्या पुष्कळ होत्या. १ फेब्रुवारी १९९९ रोजी एका दूरचित्रवाणी वाहिनीने तेथील 'पानांच्या भाज्यांत' ग्रॅममागे ३.८० पिकोग्रॅमपर्यंत डायॉक्सिन सापडल्याचे सांगितले. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. लोकांनी पालक घेणे सोडले, दुकानांनी तो मागविणे थांबविले, भाव कोसळले. पुढे उघड झाले की तो सर्वांत मोठा आकडा पालकाचा नव्हताच. तो वाळवून तयार केलेल्या चहाच्या पानांचा होता. पाने वाळली की पाणी जाते आणि आकडा फुगतो. शेतकरी न्यायालयात गेले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल देऊन खटला परत पाठविला आणि २००४ मध्ये एक कोटी येनवर तडजोड झाली. १९९९ मध्येच जपानने डायॉक्सिनविरुद्ध खास कायदा केला, हेही सांगितले पाहिजे. ती ओरड अगदीच निष्फळ नव्हती. परंतु तिची किंमत भट्टीवाल्यांऐवजी पालक पिकविणाऱ्यांनी मोजली.

याच्या उलट प्रकार आपल्या गवारीचा. २००७ मध्ये भारतातून गेलेल्या गवार-डिंकात, म्हणजे गवारीच्या बियांच्या पुडीत, स्वित्झर्लंडमध्ये डायॉक्सिन आढळले. तेथे आकडा खरा होता. सोबत पेंटाक्लोरोफिनॉल हे जंतुनाशकही सापडले, आणि डायॉक्सिन त्याच्याबरोबर येते. दोष शेताचा नव्हता. त्यानंतर युरोपने अशा मालावर तपासणीचा दाखला सक्तीचा केला. दाखला परदेशी गिऱ्हाइकाला मिळाला. गवारीची भाजी खाणाऱ्या आपल्याला तो कोणी दिला नाही.

भिलाईचा संबंध पीसीबीशीही आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२५ ही पीसीबीचा वापर पूर्णतः बंद करण्याची मुदत ठरविली, आणि हे तेल नष्ट करण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पासाठी भिलाई पोलाद कारखान्याची जागा निवडली गेली. हे चांगलेच झाले. मात्र कागदावर नोंदलेले तेल तेथपर्यंत पोहोचेल. जुना ट्रान्सफॉर्मर भंगारात फोडताना जमिनीत झिरपलेले तेल कोणत्याच वहीत नसते. ती जमीन कोठे आहे, हे तुम्हा रहिवाशांनाच ठाऊक असणार.

म्हणून तपासणीची मागणी कराल, तेव्हा हातगाडीवरची मेथी उचलून प्रयोगशाळेकडे धावू नका. अशी चाचणी फार महाग असते, आणि एका जुडीवरून काहीच सिद्ध होत नाही. प्रथम भंगाराच्या आवाराची आणि कचरा जळतो त्या मैदानाची माती तपासावी. मग तेथल्या कोंबड्यांची अंडी व गाईंचे दूध. त्यानंतर त्या मातीतला भोपळा. आणि आकडा हाती आला की तो ओल्या भाजीचा की वाळलेल्या, हे पहिल्यांदा विचारावे.