डोळे मंद, कान स्पष्ट

घरांतील वडील माणसाचें एखादेंच चांगलें छायाचित्र असावें आणि त्यांत डोळे मंद, कान मात्र लख्ख निघावे, याचा दोष साताऱ्यांत काय किंवा सांगलींत काय, बहुधा छायाचित्रकाराच्या हाताला दिला जातो. चेहरा ओळखीचा वाटतो तो डोळ्यांमुळें. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयांतील रविवर्म्याच्या चित्रांतही नजर प्रथम डोळ्यांकडेच जाते. चित्रकाराला हें हातानें साधतें. छायाचित्रकार मात्र यंत्रावर विसंबतो.

१९८५ सालीं मिनोल्टा ७००० हा कॅमेरा निघाला, तेव्हांपासून फोकस साधण्याचें काम उत्तरोत्तर यंत्राकडे गेलें. आरशाच्या कॅमेऱ्यांत फोकस ठरवितो तळाशीं असलेला एक सेन्सर, आणि चित्र उमटतें मागच्या दुसऱ्याच सेन्सरवर. प्रकाशाच्या या दोन वाटांत केसभर अंतर पडलें, कीं चूक झाली. ८५ मिलिमीटरचें भिंग एफ १.८ पर्यंत उघडून दीड मीटरवरील चेहरा टिपला, तर मोठ्या सेन्सरवरही स्पष्टतेची खोली अवघी तीन-साडेतीन सेंटिमीटर असते. मग कान सुटतो किंवा डोळा सुटतो.

२००७ सालच्या निकॉन डी ३०० व कॅनन १डी मार्क ३ या कॅमेऱ्यांत ही चूक घरीं सुधारण्याची सोय आली: शून्याच्या दोन्ही बाजूंस वीस-वीस पायऱ्या. त्यासाठीं वर्तमानपत्र, मग तें 'ऐक्य' असो वा 'पुढारी', एका जाड पुस्तकावर सपाट चिकटवून कॅमेऱ्यासमोर उभें करावें. शेजारीं शाळेंतली फूटपट्टी तिरकी ठेवावी. तिचा मधला आंकडा कागदाच्या रेषेंत असावा. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंग पूर्ण उघडें, अंतर चेहरा टिपतांना असतें तेवढेंच. दर खेपेस फोकस मुद्दाम बिघडवून यंत्राला पुन्हां साधूं द्यावा. पांच-सहा चित्रें घ्यावीं. एका चित्रावर निकाल देणें हा उतावळेपणा होय. पट्टीचा मागचा भाग स्पष्ट आला तर आंकडा उणे बाजूस न्यावा, पुढचा आला तर अधिक बाजूस. हें खिडकीच्या उजेडांत करावें. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखालीं निकाल बदलूं शकतो. प्रत्येक भिंगाचा आंकडा निराळा असतो.

लोणंदहून फलटणकडे निघालेल्या वारकऱ्याची प्रतिमा पुसट आली, तर तो दोष बहुधा चालण्याचा. त्यावर या पायऱ्यांचा उपयोग नाहीं. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत चित्राचा सेन्सरच फोकस साधतो, म्हणून ही खटपट बहुतेक संपली. परंतु जुना कॅमेरा चांगला चालत असतां केवळ यासाठीं नवा घेणें, ही उधळपट्टीच!

एक अडचण मात्र उरते. आजीबाईंनीं चष्मा लावला असेल, तर यंत्र डोळा सोडून चष्म्याची कड धरतें. तेव्हां आंकड्यांना हात न लावतां भिंग एफ ४ पर्यंत बारीक करावें; म्हणजे स्पष्टतेची खोली सुमारें सात सेंटिमीटर होते, आणि चष्मा व डोळे दोन्ही तींत मावतात.