फोनचा कासरा कोणाच्या हातात?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलायचे ठरले आहे. ते होईलच. पण त्याआधी, तुमच्या खिशात आणि पिशवीत जी वस्तू आहे, तिच्याविषयी थोडे बोलू.

गेल्या हंगामात गावोगावच्या बैठकांत आम्ही एक साधा प्रश्न विचारत होतो : फोनने तुमचे काय भले केले आणि काय नुकसान केले? बैल घेताना आपण दात मोजतो, जोताला लावून बघतो. फोन घेताना मात्र रंग बघतो. म्हणून म्हटले, एकदा या अवजाराचाही जमाखर्च मांडू.

ही वस्तू आपल्यापर्यंत आली कशी? ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. तो देशातला पहिला मोबाईल कॉल. त्या काळी मिनिटाला आठ ते सोळा रुपये पडत आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जात. तो फोन आपल्यासाठी नव्हताच. २००३ साली आलेला कॉल फुकट झाला, कंपन्यांची एकमेकींशी चढाओढ लागली, आणि मग फोन वावरात आला. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि साध्या फोनच्या जागी मोठ्या काचेचा फोन आला. ही वस्तू कोणी आपल्याला मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. आपण ती पैसे मोजून घेतली आहे आणि दर महिन्याला मोजतो आहोत. तेव्हा हिशेब विचारायचा हक्क आपला आहे.

जमेची बाजू

आधी जमा. ज्यांच्याकडे विहीर आहे, ते सांगतात की पंपाला मोबाईल स्टार्टर बसवल्यापासून रात्री दोनची लाईट धरायला विंचवा-सापातून जावे लागत नाही. एका गावात एका बाईने वेचणीचा हिशेब फोनमध्ये ठेवायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी प्रत्येकीचे गाठोडे काट्यावर असतानाच फोटो. हंगाम संपला तरी किलोवरून एकही भांडण झाले नाही. दुसऱ्या गावात तिघा भावांनी कडब्याच्या गंजीचा फोटो दूधवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. गिऱ्हाईक गाडी घेऊन वावरात आले, मधला दलाल गेला.

साप चावला तर १०८ ला फोन लागतो आणि दवाखान्याची गाडी निघते. आभाळातली वीज पडण्याआधी सावध करणारे 'दामिनी' ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने केले आहे. भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज कडाडत असेल तर ते इशारा देते. मृगाच्या आधी ज्यांची माणसे किंवा बैल झाडाखाली गेले आहेत, त्यांना या इशाऱ्याची किंमत आम्ही सांगायला नको.

ही सगळी उदाहरणे नीट बघा. या प्रत्येकात काय करायचे ते शेतकऱ्याने ठरवले आणि फोनने ते काम केले. कासरा माणसाच्या हातात होता.

भाव कळला, पण मिळाला का?

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. फोनमुळे भाव कळतो, मग भाव मिळतो का?

केरळात १९९७ ते २००१ या काळात किनाऱ्यावर मोबाईलचे टॉवर उभे राहिले. कोळी समुद्रात असतानाच फोन करून कोणत्या बंदराला काय भाव आहे ते विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास करून २००७ साली प्रसिद्ध केला. फोन येण्याआधी रोजच्या मासळीतला पाच ते आठ टक्के माल गिऱ्हाईक न मिळाल्याने फेकावा लागे. फोन आल्यावर ते जवळजवळ थांबले. कोळ्याचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासळी सुमारे चार टक्के स्वस्त पडली. दोघांचेही भले झाले.

आता आपल्या महाराष्ट्रात या. रॉयटर्सने २००७ साली इथे शेतकऱ्यांना एसएमएसने बाजारभाव आणि हवामान कळवणारी सेवा सुरू केली. फाफशांप आणि मिन्टेन या दोन अभ्यासकांनी १०० गावांत तिची चाचणी घेतली. काही शेतकऱ्यांना वर्षभर सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही. टोमॅटो, कांदा, डाळिंब, गहू आणि सोयाबीन ही पिके होती. २०१२ साली निष्कर्ष छापून आला : दोन्ही गटांना मिळालेल्या भावात सरासरीने म्हणण्यासारखा फरक नाही.

एकच यंत्र. कोळ्याला फळले, आपल्याला का नाही? आमचे उत्तर असे आहे. कोळ्याला भाव कळतो तेव्हा तो होडीत बसलेला असतो. सुकाणू वळवले की दुसरे बंदर. आपल्याला भाव कळतो तेव्हा कापूस घरात असतो, गाडी भाड्याची असते आणि बियाण्या-खताची उधारी त्याच व्यापाऱ्याची असते. समजा, खेडा खरेदीपेक्षा दूरच्या बाजारात क्विंटलमागे २०० रुपये जास्त आहेत आणि तुमच्याकडे १० क्विंटल कापूस आहे. फरक झाला २,००० रुपयांचा. त्यातून गाडीभाडे, हमाली आणि बुडालेला दिवस वजा करा. तिथे पोचल्यावर ओलावा जास्त म्हणून कपात झाली, तर उरले काय? आणि उधारीवाला म्हणतो, माल माझ्याच काट्यावर आण.

म्हणजे फोन बातमी आणून देतो. त्या बातमीवर पाऊल उचलायचे तर थांबायची ताकद लागते. ती ताकद गोदामात आहे, तारण कर्जात आहे, चौघांनी मिळून केलेल्या एका गाडीत आहे. आपल्या राज्यात १९९०-९१ पासून शेतमाल तारण योजना आहे. ज्वारी बाजार समितीच्या गोदामात ठेवून सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांपर्यंत कर्ज मिळते. आपल्या बाजार समितीत ही योजना चालू आहे का, एवढे विचारायला जरी फोन उचलला तरी भाव बघण्यापेक्षा जास्त काम होईल.

लाल पानाचा फोटो

दुसरी गोष्ट औषधांची. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे आहोत, म्हणून हे जरा जोरात सांगतो. कपाशीचे पान लाल झाले की मुलगा फोटो काढतो आणि दुकानदाराला पाठवतो. पाच मिनिटांत चार बाटल्यांची नावे येतात. अहो, पान लाल व्हायला कारणे किती? तुडतुडे असतील, मॅग्नेशियम कमी पडले असेल, बोंडे भरताना नत्र कमी पडले असेल, पाण्याचा ताण असेल, किंवा रात्रीची थंडी वाढली असेल. वरून काढलेल्या एका फोटोत यातले काहीच कळत नाही. पान उलटे करून तुडतुडे बघावे लागतात, झाडाचे खालचे पान आणि वरचे पान ताडून बघावे लागते. ज्याला बाटली विकायची आहे, त्याला फोटोत नेहमी रोगच दिसणार.

आणि फोनवर ऐकून दोन-तीन औषधे एकत्र कालवू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मेले, हे आपण विसरलेलो नाही. फोटो पाठवायचाच असेल तर पूर्ण झाड, पानाची खालची बाजू आणि शेताचा पट्टा असे तीन फोटो काढा आणि ज्याला तुम्हाला काही विकायचे नाही अशा माणसाला पाठवा. कृषी विज्ञान केंद्र आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर २००४ पासून चालू आहे. तिथे मराठीत बोलता येते.

सरकारचे दार खिशात आले

आता खर्चाची मोठी बाजू. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. पेरा आपला आपण फोनवर नोंदवायचा, शेतात उभे राहून फोटो काढायचा. २०२५ मध्ये शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आणि दिवस ठरवून घेणे आले. लांब धाग्याचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. तो भाव आणि तुमचे घर यांच्यामध्ये आता एक ओटीपी उभा आहे.

तत्त्वाला आमचा विरोध नाही. आपला पेरा आपणच लिहावा, तलाठ्याने चावडीवर बसून लिहू नये, ही तर आपलीच जुनी तक्रार होती. पण बैठकांत काय ऐकायला मिळाले? डोंगराच्या कुशीतले शेत, तिथे रेंज नाही; रेंज आहे तिथे शेत नाही. सातबारा म्हातारीच्या नावावर, आधारला नंबर मुलाचा, मुलगा पुण्यात कंपनीत कामाला. ओटीपी पुण्यात वाजतो आणि इकडे म्हातारी सेवा केंद्राच्या पायरीवर बसून राहते. मुलाची पाळी रात्रीची असेल तर तो दिवस गेला. २०२४ च्या खरिपापर्यंत गारपीट किंवा पुराचे नुकसान ७२ तासांत विमा कंपनीला कळवावे लागत होते. ज्या अतिवृष्टीत कपाशी झोपली, तिच्यातच वीज गेली आणि टॉवर बंद पडला. कळवायचे कसे? २०२५ च्या खरिपात राज्याने नुकसानभरपाई फक्त पीककापणी प्रयोगावर ठेवली. ७२ तासांचे ओझे गेले, पण त्याबरोबर एकट्याच्या शेतात झालेल्या नुकसानीची दादही गेली.

पूर्वी अर्ज दिला की पोच मिळत असे. साहेब भेटला नाही तर निदान खुर्ची रिकामी दिसत असे. आता पडद्यावर एक चक्र फिरत राहते. त्याच्याशी भांडता येत नाही आणि त्याची सही घेता येत नाही. इथे कासरा आपल्या हातातून सुटला आहे.

ठगही याच दाराने येतात. 'पीएम किसानची यादी', 'विम्याचे पैसे जमा', अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाईल येते. नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरे असतात. दाबली की आपला फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि ओटीपी त्याला दिसू लागतात. पैसे गेले तर लाजू नका. त्याच घटकेला १९३० वर तक्रार करा आणि बँकेला सांगा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

अठ्ठावीस दिवसांचा महिना

रिचार्जचा हिशेब तर शाळेतले पोरही करील. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षाचे तेरा महिने होतात. आपली कपाशी पैसे देते ती वेचणीच्या दोन-तीन महिन्यांत. फोन मागतो तेरा वेळा. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. ज्यांना इंटरनेट लागत नाही, त्यांच्यासाठी फक्त बोलणे आणि एसएमएस एवढेच असलेले पॅक ठेवा, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये केला. त्याची मुदत वर्षापर्यंत असू शकते. साधा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी दुकानात तोच मागून घ्या. आणि नंबर बंद पडू देऊ नका. ९० दिवस न वापरलेला नंबर कंपनी काढून दुसऱ्याला देऊ शकते, आणि तुमच्या आधारचा, बँकेचा ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतो.

आपण काय करायचे

बंधुभगिनींनो, फोन फेकून द्या असे सांगायला आम्ही आलो नाही. ट्रॅक्टर आला तेव्हाही आपण तो फेकला नाही. गावी गेल्यावर एवढे करा. ज्या बाईच्या नावावर सातबारा आहे, तिच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडा आणि फोन तिच्या हातात द्या. प्रत्येक मोजमापाचा, प्रत्येक काटापट्टीचा फोटो काढा. प्रत्येक गावात शिकलेली दोन पोरे-पोरी नेमा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची पीकपाहणी ती करतील, आणि केलेल्या नोंदीचा कागद छापून ज्याच्या त्याच्या हातात देतील.

आणि सरकारकडे या बैठकीतून तीन मागण्या ठरावाने पाठवू. पहिली, ज्या योजनेला ॲप आहे, त्या योजनेला कागदाचा अर्ज आणि सहीशिक्क्याची पोचही असली पाहिजे. दुसरी, ज्या दिवशी यंत्रणा किंवा टॉवर बंद होता, तो दिवस मुदतीत धरू नये. तिसरी, ओटीपी आला नाही या एका कारणावरून कोणाचाही कापूस, विमा किंवा अनुदान नाकारता येणार नाही. नाकारायचेच असेल तर कारण लेखी द्यावे.

ठराव वाचून दाखवतो. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत, आणि ज्यांना काही बदल सुचवायचा आहे त्यांनी इथे पुढे यावे. त्यानंतर कापसाच्या भावाचा विषय घेऊ.