विरजण द्या, ज्वारी आमची आहे



परंड्यापासून उमरग्यापर्यंत आपण बहुतेक सगळे कोरडवाहू. ज्वारीवर चिकटा पडला, कपाशीवर पांढरी माशी आली, की आपण उधारीवर डबा आणतो आणि दुकानदार सांगेल तसे फवारतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. किडीसाठी आणलेले विष माणसालाच लागले.

किडीलाही रोग होतो. पावसाळी हवेत पानाला चिकटून मेलेली, अंगावर पांढरी भुकटी धरलेली अळी आपण पाहिलेली आहे. ती बुरशीने मेलेली असते. इटलीतल्या बासीने 1835 साली रेशीमकिड्यांच्या रोगामागे बुरशी असल्याचे दाखवले. त्याच्याच नावावरून एका बुरशीला ‘बिव्हेरिया बॅसियाना’ म्हणतात. बुरशीचे बीज किडीच्या अंगावर पडते, ओल मिळाली की रुजते, कातडीतून आत शिरते. चार-सात दिवसांत कीड मरते. किडीने ते खाण्याची गरज नाही, म्हणून रस शोषणाऱ्या मावा-माशीलाही ते लागू पडते.

आता मुद्द्याची गोष्ट. ही बुरशी वाढवतात कशावर? तांदळावर, नाहीतर आपल्या ज्वारीवर! दाणे अर्धवट शिजवायचे, पिशवीत भरायचे, 15 पौंड दाबाच्या वाफेवर अर्धा तास निर्जंतुक करायचे. थंड झाल्यावर शुद्ध विरजण लावायचे आणि 25 ते 28 अंशांत दोनेक आठवडे सावलीत ठेवायचे. विरजण नासके तर दही नासके. पिशवीत काळे डाग किंवा घाण वास आला तर ती पुरून टाकायची.

यात जादू नाही, हेही आम्ही सांगतो. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत बुरशी पोचत नाही. कडक उन्हात बीज मरते, म्हणून फवारणी संध्याकाळी, हवेत ओल असताना करावी. बुरशीनाशकात मिसळू नये. आणि शेजारी तुती असेल तर बिव्हेरिया वापरूच नये. आपल्या जिल्ह्यात रेशमावर घर चालवणारे भाऊ आहेत. त्यांचे किडे मारून आपली ज्वारी वाचवायची नाही.

कायदा काय म्हणतो? 1968 च्या कीटकनाशक कायद्यात आपल्या वहितीच्या जमिनीवरील वापराला कलम 38 ने सूट आहे. विकायचे तर मात्र नोंदणी लागते, आणि ग्रॅमला किमान 10 कोटी जिवंत बीज असावे लागते. हा आकडा आपल्या घरच्या मालालाही लावू या. पण मोजणार कुठे?

म्हणून मागणी एवढीच. फुकटचे डबे नकोत, अनुदानाची पुडीही नको. कृषी विद्यापीठाचे शुद्ध विरजण रास्त दामात आणि बीज मोजण्याची सोय तालुक्याच्या गावी मिळावी. दाम आम्ही मोजू. ज्वारी आमची, वाफ आमची, मेहनत आमची.