घरगुती उद्योग आणि हातातला फोन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



1959 साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत' उभे राहिले, हे आपण जाणताच. आपल्यातही लोणची, मसाले, फराळ, शिवणकाम करून संसाराला हातभार लावणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. परंतु आज गिऱ्हाईक पिशवी घेऊन निघण्याआधी फोनवर चौकशी करते. तेथे आपण दिसलो नाही, तर ते मोठ्या दुकानातून माल मागवून मोकळे होते.

तेव्हा पहिली गोष्ट, धंद्याचे व्हॉट्सअ‍ॅप वेगळे ठेवावे. 'व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस' 2018 साली आले. त्यात मालाची यादी फोटो व भावासकट लावता येते. फोटो आपल्याच मालाचा असावा. उसन्या फोटोवर मागवलेली चकली वेगळी निघाली, की गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

दुसरी गोष्ट, गूगलच्या नकाशावर उद्योगाची नोंद फुकट करता येते. घरचा पत्ता चारचौघांत जाऊ नये असे वाटल्यास तो झाकून, माल कोणत्या भागात पोचवतो एवढेच दाखवता येते. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी करून तिचा 14 आकडी क्रमांक वेष्टनावर छापावा. अनोळखी गिऱ्हाइकाला त्याने भरवसा येतो.

तिसरी गोष्ट पैशांची. पैसे घेण्यासाठी आपला पिन कधीही द्यावा लागत नाही. 'पैसे पाठवतो, तुम्ही पिन टाका' असे कोणी म्हटले, की तो ठकच समजावा आणि फोन ठेवावा.

आणि सारा भार एकाच खांबावर नको. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते. म्हणून गिऱ्हाइकांची नावे व नंबर वहीत लिहून ठेवावेत. धंदा वाढला, की स्वतःची लहानशी वेबसाइटही करावी.

शेवटी एक विनंती. फोनवर दुसरीचा भाव पाहून आपला पाडू नका. सामान, गॅस, वेष्टन यांच्याबरोबर आपल्या मेहनतीची मजुरीही हिशेबात धरा. घरात बसून केलेले काम फुकटचे नसते. ज्यांना हे फोनचे तंत्र येते त्यांनी शेजारणीला शिकवावे, एवढे सांगून मी आपली रजा घेते.